काढलेल्या नावांची यादी

तिला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कौतुकाची चटक वाईट. चांगल्या चांगल्या माणसाचं डोकं फिरवते, आणि हिचं तर वय झालं होतं सत्तावन्न.

सव्वीस वर्षं तिनं एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तळघरातली लांबट खोली, छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि रॅकमध्ये पेशंटांच्या फायली. डॉक्टरांचं अक्षर कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू? खुद्द डॉक्टरच आपला कागद घेऊन तिच्याकडे यायचे आणि हळूच विचारायचे, "मी इथं काय लिहिलंय हो?" ती कपाळावरचा चष्मा खाली ओढायची, एक नजर टाकायची आणि सांगायची, "तुम्ही लिहिलंय, गोळी दिवसातून दोनदा. आणि त्याखाली लिहिलंय, पेशंट फार डोकं खातो."

त्या खोलीचा एकच कडक नियम होता. रॅकमधून फाईल काढली की तिच्या जागी चिठ्ठी लावायची. कोणती फाईल, कुणी नेली, कधी, कशासाठी. रिकामी जागा दिसली आणि चिठ्ठी नसली, की ती समोरच्याची अशी काही हजेरी घ्यायची की मोठमोठे सर्जनसुद्धा मुकाट्यानं पेन काढायचे. "वस्तू जागेवरून हलली तर मागे खूण राहिली पाहिजे," असं ती नव्या कारकुनांना इतक्या वेळा ऐकवायची की ते तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायचे.

मग कागद गेले, कॉम्प्युटर आले आणि रेकॉर्ड रूमला कुलूप लागलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईचं करायचं काय? तिला नेऊन बसवलं चौथ्या मजल्यावर, संशोधन विभागात.

तिथलं काम असं. फिट्स येणाऱ्या माणसांच्या बारा वर्षांच्या नोंदी जमवल्या होत्या. कुणाला कधी फिट आली, कोणत्या गोळीनं फरक पडला, झोप कशी, घरचं कसं, सगळं. या नोंदी क्लाउडवर ठेवून दुसरीकडच्या संशोधकांना वाचायला द्यायच्या होत्या. क्लाउड म्हणजे काय, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. "दुसऱ्या कुणाचे तरी कॉम्प्युटर, कुठेतरी लांब," असं उत्तर मिळालं. "मग सरळ तसं म्हणा ना," ती म्हणाली, "उगीच ढगात कशाला नेता?" मात्र देण्याआधी नोंदींमधलं पेशंटचं नाव, पत्ता, फोन, ज्यावरून माणूस ओळखू येईल असं काहीही काढून टाकायचं होतं. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, असं प्रत्येक पेशंटला लिहून दिलं होतं. आणि हा आजार लोक लपवतात हो. कुणाची नोकरी असते, कुणाचं लग्न ठरायचं असतं.

नावं काढायला एक प्रोग्रॅम होता. तो लिहिणारा माणूस चाळिशीला टेकलेला, शांत, सतत मान एका बाजूला कलती करून बोलणारा. त्याला ती यंत्रवाला म्हणायची. तो तिला ताई म्हणायचा. आधी त्याचा प्रोग्रॅम सगळ्या नोंदींवरून फिरायचा, नावं आणि नंबर गाळायचा, आणि मग प्रोग्रॅमच्या हातून सुटलेलं शोधायला ही बसायची.

आणि सुटायचं बरं का! डॉक्टर काय, वाट्टेल ते लिहितात. एका नोंदीत नाव नव्हतं, पण लिहिलं होतं, "चौकातल्या बेकरीवाल्याची थोरली मुलगी, गायन शिकवते." प्रोग्रॅमला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. खोडरबर खुर्चीतून अर्धी उठली. "अरे यंत्रवाल्या, इकडे ये! नाव काढलंस आणि घरचा पत्ता ठेवलास. आता पोस्टमनसुद्धा बरोबर दार वाजवेल."

तो यायचा, वाचायचा, मान कलती करायचा. "सुटलं खरं, ताई."

"तुझं यंत्र आंधळं आहे."

"म्हणून तर तुम्ही आहात."

असं रोज चालायचं. विभागाच्या प्रमुख, मोठ्या बाई म्हणत त्यांना सगळे, त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "यंत्र काय, उद्या दुसरं येईल. पण असं खोडरबर पुन्हा मिळायचं नाही." तेव्हापासून हे नाव पडलं. संध्याकाळी घरी जाऊन तिनं ते नवऱ्याला तीनदा सांगितलं.

आता यातली गंमत बघा. गंमत कसली म्हणा. जे जे ती काढायची, त्याची ती यादी ठेवायची. नोंद क्रमांक अमुक, काय काढलं, कुठून काढलं, कोणत्या तारखेला. कुणी सांगितलं नव्हतं. पण सव्वीस वर्षांचं हाडात मुरलेलं, काढलं तर मागे खूण नको? उद्या कुणी विचारलं, बाई इथं काय होतं, तर दाखवता यायला हवं. प्रोग्रॅमनं काढलेली नावंही तिनं त्यात घेतली, म्हणजे यादी पूर्ण. दोनशे बारा माणसं. आणि चिठ्ठी कुठे ठेवायची असते? जिथून फाईल निघाली तिथेच. म्हणून तिनं ती यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवली, नोंदींच्या शेजारी, आणि तिला नाव दिलं "काढलेले".

नोंदी तपासायला ती होती. तिच्यामागे तपासायला कोणी नव्हतं.

फोल्डर उघडलं त्या दिवशी सतरा ठिकाणच्या संशोधकांना एकाच वेळी परवानगी मिळाली. मोठ्या बाईंनी तिला फुलांचा गुच्छ दिला. तो तिनं बाटलीत घालून टेबलावर ठेवला आणि रोज पाणी बदललं.

अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, लांबच्या एका संशोधकाचं पत्र आलं. मोठ्या सभ्य माणसाचं पत्र होतं. तुमच्या फोल्डरमध्ये नावांची एक यादी दिसते, ती तिथे असणं अपेक्षित आहे का, एवढंच विचारलं होतं. सोबत पहिल्या सहा ओळींचं चित्र, त्यातली नावं त्यानंच काळी करून पाठवलेली.

मोठ्या बाईंनी ताबडतोब फोल्डर बंद करायला लावलं आणि दोघांना खोलीत बोलावलं. पडद्यावर ते चित्र होतं. खोडरबरनं रकाने पाहिले. नोंद क्रमांक, काय काढलं, कुठून काढलं, तारीख. दुसऱ्यांच्या फायलीत कुसळं शोधत बसली होती, आणि आपलं मुसळ स्वतःच्या हातानं मांडून ठेवलं होतं, सतरा ठिकाणच्या लोकांसमोर.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात यंत्रवाला म्हणाला, "माझ्या प्रोग्रॅमचं असणार हे."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"सुरुवातीला मी त्याला काय काय काढलं त्याची नोंद ठेवायला लावलं होतं. चाचणीसाठी. नंतर ते बंद केलं होतं, असं मला वाटतं. पण..." त्यानं चष्मा काढला. "राहिलं असेल चालू."

तपासायला सोपा मार्गही नव्हता. दोघं एकाच पासवर्डनं आत जात, सोयीचं पडतं म्हणून, नियमाबाहेर. फाईल कुणी ठेवली ते कॉम्प्युटरला सांगता येत नव्हतं. मोठ्या बाईंनी पासवर्ड बदलून त्याचा प्रवेश त्याच क्षणी बंद केला. म्हणजे स्वतःची चूक आहे की नाही हे बघायलासुद्धा त्या बिचाऱ्याला आत जाता येईना.

खोडरबर मनाशी म्हणत राहिली, आत्ता बोलते, बाहेर गेल्यावर बोलते, जेवणाच्या सुट्टीनंतर बोलते, असं करता करता दुपार झाली. आणि दुपारी मोठ्या बाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"ही यादी बाहेरच्या कुणाला दाखवायची माझी इच्छा नाही. माझा विश्वास तुमच्यावर आहे. तुम्ही बघा, आणि ती प्रोग्रॅमनं केलेली आहे असं दिसतंय, एवढं लिहून सही करा. चौकशी समितीला लागेल."

तिला तिचीच यादी तपासायला दिली हो! ती तासभर त्या यादीसमोर बसली. प्रत्येक ओळ तिच्या ओळखीची. एकोणिसाव्या ओळीत बेकरीवाल्याची मुलगी. कोणता प्रोग्रॅम असं लिहील? कुणीही शहाण्या माणसानं वाचलं असतं तर पहिल्या पानावरच कळलं असतं की हे माणसाच्या हातचं आहे. पण वाचणारी तीच होती. कुंपणच शेत खायला बसलेलं, राखण कोण करणार?

तिनं लिहिलं, "सदर यादी यंत्राद्वारे तयार झाली असल्याचे दिसते." आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, सुबक, खाली रेघ. हात कापलासुद्धा नाही, याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

घरी नवरा शिलाई मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत होता. शिंपी होता तो, घरातच काम करायचा. तिनं त्याला यादीचं सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदा खरं बोलली ती. त्यानं मशीन थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्ष राहिलंय तुझं. तो शिकलेला माणूस आहे, त्याला छप्पन्न नोकऱ्या मिळतील. तुला या वयात लोक काय काय बोलतील, ते ऐकवेल तुला?"

तिला हेच ऐकायचं होतं. हे ऐकायलाच ती घरी धावत आली होती. आणि ऐकल्यावर अंगावर पाल पडावी तसं झालं. त्या भल्या माणसानं तिच्या प्रेमापोटी जे सांगितलं, ते तिनं आधीच करून ठेवलं होतं, हे काही तिनं त्याला सांगितलं नाही. सही तिनं नवऱ्यापासूनही लपवली.

शुक्रवारी ती कामावर गेली तर यंत्रवाला टेबल आवरत होता. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याचं सामान, वह्या, चहाचा मग, मुलानं काढलेलं चित्र. डोळे सुजलेले.

"ताई, यादी तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली."

"किती माणसं होती?"

"दोनशे बारा."

तो खुर्चीत बसला. "दोनशे बारा," तो म्हणाला. "मी रात्री ते प्रोग्रॅमचं जुनं सगळं कागदावर मांडून पाहिलं. मला कुठे सापडत नाही ताई, कुठे राहिलं ते. चूक दिसली असती तरी बरं झालं असतं. दिसतच नाही, म्हणजे मी किती कच्चा आहे बघा."



"एक विचारू? रागावू नका," तो म्हणाला. "फोल्डर उघडायच्या आधी तुम्ही शेवटचं सगळं बघितलं होतंत. तुमच्या नजरेतून कधी काही सुटत नाही. मग ही एवढी मोठी फाईल तुम्हाला दिसली कशी नाही?"

प्रश्न साधा होता. त्यात आरोप नव्हता, कावा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"राहून गेली असेल," ती म्हणाली.

त्यानं मान कलती केली आणि तिच्याकडे पाहिलं. आणि मग, अहो, तो माणूस तिचीच समजूत घालायला लागला! "जाऊ द्या ताई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मुळात माझ्याकडूनच ती तयार व्हायला नको होती. तुमच्यावर काही येणार नाही, मी समितीला तसं सांगेन."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच. कुणी शिव्या घातल्या असत्या तर तिनं खाल्ल्या असत्या, उलट चार दिल्या असत्या. तोंडाची ती काही कमी नव्हती. पण हे कसं सोसायचं? ती उठली, त्याच्याकडे न बघता बाहेर पडली आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली. दार वाजवायचंही राहिलं.

"ती यादी माझी आहे," ती म्हणाली. "मी केली. मी ठेवली. आणि काल मी खोटं लिहून दिलं."

मोठ्या बाईंनी कपाटातून कालचा कागद काढला आणि टेबलावर तिच्याकडे फिरवला.

"यादी केलीत ती चूक. चूक मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "हे काय आहे?"

घाबरले म्हणावं, तर घाबरलेल्या माणसाची सही इतकी सुबक नसते. "मला तुम्ही सगळ्यांसमोर चांगलं म्हणाला होतात," ती शेवटी म्हणाली. "ते जाऊ नये म्हणून." आणि सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईला तिथे उभ्याउभ्या रडू कोसळलं. मोठ्या बाईंनी तिला बसा म्हटलं नाही, पाणीही दिलं नाही. नवा कागद मात्र दिला.

यंत्रवाला सोमवारी परत कामावर आला. चहाचा मग, वह्या, चित्र, सगळं पुन्हा जागेवर लागलं. ती त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "मला माफ कर." तो म्हणाला, "ठीक आहे, मॅडम." रागानं नाही, नीट, अदबीनं. त्या दिवसापासून तो तिला मॅडमच म्हणत आला. पुन्हा ताई म्हणाला नाही, आणि तू असं का म्हणतोस हे विचारायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.

समितीनं तिला काढलं नाही. ठपका लिहिला, नोंदींपासून दूर केलं, आणि ठरवलं की दोनशे बाराच्या दोनशे बारा माणसांना फोन करून कळवायचं. हे कोण करणार, यावर चर्चा चालली असताना तिनं हात वर केला. कुणी नको म्हटलं नाही.

एका लहान खोलीत टेबल, फोन आणि काय बोलायचं त्याचा छापील कागद. नियम कडक. आधी फोनवर तोच माणूस आहे याची खात्री करायची. दुसऱ्या कुणी उचलला तर इस्पितळाचं नाव काढायचं नाही, आजाराचं तर नाहीच. आणि सांगायचं, "आमच्या विभागाकडून अनवधानाने आपली माहिती उघड झाली आहे." आमच्या विभागाकडून. त्या शब्दांच्या आड बसायला भरपूर जागा होती.

पहिले दोन दिवस ती तिथेच बसली. तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. एक गृहस्थ हसले, म्हणाले, "माझ्या फिट्स अख्ख्या गल्लीनं पाहिल्यात, आता आणखी कुणापासून लपवू?" एका म्हातारबाबांना एवढंच हवं होतं की गोळ्या बंद तर होणार नाहीत ना. एकानं पाच मिनिटं अद्वातद्वा शिव्या दिल्या. ती हो म्हणत ऐकत राहिली. त्या शिव्यांनी तिला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंनी फोन उचलला. मागे लहान मुलांचा गलका होता. बालवाडीत शिकवत होत्या. हिनं खात्री करून घेतली आणि छापील वाक्य म्हटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. दार लागल्याचा आवाज आला आणि गलका बंद झाला. "पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं.

"कुणी कुणी पाहिलं?"

"सतरा ठिकाणी उघडं होतं. चार ठिकाणी उतरवून घेतलं होतं. त्यांनी पुसून टाकलं असं लिहून दिलंय."

"पुसलं असेल, असं तुम्हाला वाटतं?"

कागदावर या प्रश्नाचं उत्तर होतं. ती ते वाचणार होती. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माझ्या नवऱ्याला माहीत नाहीये," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली लग्नाला. इथे शाळेत माहीत नाही. कळलं तर मुलांजवळ एक दिवस ठेवणार नाहीत मला. नोंदी बाहेर देणार म्हटल्यावर डॉक्टरांना मी तीनदा विचारलं होतं, नाव राहणार नाही ना. ते म्हणाले, आमच्याकडे एक बाई आहेत, त्यांच्या हातून काही सुटत नाही."

खोडरबरनं डोळे मिटले.

"अनवधानानं म्हणजे काय? कुणाच्या?"

"माझ्या," ती म्हणाली. "ती बाई मीच. मी तुमचं नाव काढलं, आणि यादीत लिहून तिथेच ठेवलं."

फोन ठेवला की काय, असं तिला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं.

"तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

याबद्दल छापील कागदावर काही नव्हतं. तिनं नाव सांगितलं. आधी नुसतं, मग वडिलांचं, मग नवऱ्याकडचं आडनाव, सगळं.

"सावकाश सांगा. लिहून घेते."

तिनं एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. पलीकडे पेन कागदावर चालल्याचं ऐकू आलं.

"राहता कुठे?"

तिनं पत्ता सांगितला. घर नंबर, मजला, खाली शिंप्याची पाटी आहे तेही.

"बरं," बाई म्हणाल्या. "राहू दे माझ्याकडे." आणि फोन ठेवला.